जाळी

"बोल्ट कुठंय हिचा?" सावळाराम तात्यांनी तिसऱ्यांदा हात खाली घातला आणि तिसऱ्यांदा रिकामाच बाहेर काढला.

गाडी नवी कोरी. बाजारात येऊन महिना झालेला आणि शेळगावात तर पहिलीच. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. राजवर्धननं ती बारामतीच्या शोरूममधून काढली, मारुतीपुढं नारळ फोडला आणि थेट तात्यांच्या गॅरेजवर आणली. गावाची रीतच ती. नव्या गाडीचं साडीगार्ड, म्हणजे मागच्या चाकावरची लोखंडी जाळी, तात्यांच्या हातानं उतरायची, मगच गाडी रुबाबदार दिसायची. वीस वर्षं हेच चाललेलं. उतरवलेल्या जाळ्या गॅरेजमागं पडायच्या. तात्यांच्या बायकोनं, सारजाबाईनं, त्या तारेनं एकमेकींना बांधून त्यांवर दोडक्याचा वेल चढवला होता.

काम दोन मिनिटांचं. पण आज दहाचा पाना कुठं बसेना, बाराचा बसेना. तात्या चक्रावले. उठून गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवर बोटानं टिचकी मारली, तर आवाज भलताच. "आँ? हे बी प्लास्टिक?" मडगार्ड दाबलं, ते आत गेलं आणि निमूट परत बाहेर आलं. किक शोधली, तर किकच नाही. पुढचा दिवा डोळे वटारून बसलेला. मागं बसणाऱ्याच्या पायाखाली मात्र चांगली वीतभर रुंद फळी, दोन माणसं उभी राहिली तरी हलायची नाही. आणि जाळी? जाळी जाड लोखंडाची, थेट चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच, वेल्डिंग केलेली! तात्यांना काही सुधरेना. जिथं लोखंड पाहिजे तिथं प्लास्टिक, आणि लोक पहिल्याच दिवशी काढून फेकतात ती वस्तू जन्माची डकवलेली.

"कुणाचं डोकं फिरलं म्हणायचं हे?" तात्या म्हणाले.

"जाऊ द्या की तात्या, ग्राइंडर मारा," राजवर्धन म्हणाला. "सांच्याला इंदापूरला सासुरवाडीला जायचंय. जाळी बघून मेव्हणे हसतील मला."

त्याची बायको स्वप्नाली बाजूला उभी होती. लग्नाला अजून महिना व्हायचा होता. अंगावर काठापदराची नवी साडी, आणि तिचा लांबलचक पदर ती उगीच बोटाला गुंडाळत, सोडत होती. हीच पोरगी सांजच्याला एका अंगानं मागं बसणार. तात्यांनी त्या पदराकडं एकदा बघितलं आणि झटकन मान फिरवली.

अकरा वर्षांपूर्वी तात्यांनीही हौसेनं नवी गाडी घेतली होती. तिची जाळी त्यांनी पहिल्याच सकाळी उतरवली. चौथ्या दिवशी वडगाव निंबाळकरला लग्नाला निघाले आणि वाटेत सारजाबाईचा पदर चाकात गेला. मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत लोखंडी सळई घातली, पाय कायमचा आखूड झाला. तिला दवाखान्यात ठेवून तात्या घरी आले, आणि कुणी बघायच्या आत त्यांनी जाळी गाडीला परत बसवली. मग गाव म्हणालं, बाईनं पदर खोचला नसेल. तात्याही म्हणाले, व्हय, खोचला नव्हता. सारजाबाई गप्प राहिली. त्या दिवसापासून ती मोटरसायकलवर बसली नाही, बारामतीलाही एसटीनंच जाते. आणि तात्या लोकांच्या जाळ्या उतरवतच राहिले. नाही म्हणावं तर लोक कारण विचारतील, ही धास्ती.

त्यांनी ग्राइंडरची पिन बोर्डात घातली. चाक घुंई करत फिरायला लागलं. तात्या जाळीपाशी वाकले.

तेवढ्यात सारजाबाई पाय ओढत चहा घेऊन आली. तिनं ताट बाजूला पडलेल्या जुन्या टायरवर ठेवलं. वाकून जाळी बघितली, हलवून बघितली. मग आखूड पाय उचलून त्या रुंद फळीवर ठेवला आणि हळूच भार टाकला. फळी जागची हलली नाही.

"ज्यानं ही गाडी बनवली ना," ती स्वप्नालीला म्हणाली, "त्याच्या घरातलं कुणीतरी पडलंय बघ."

तात्यांनी ग्राइंडर बंद केला. पिन काढली. वायर गुंडाळायला लागले, ती गुंडाळता येईना.

"काय झालं, तात्या?" राजवर्धन गोंधळला.

"न्हाय कापणार मी."

"आवं, पर का?"

तात्यांनी वायर तशीच खाली टाकली. लाज वाटत होती, पण त्या नव्या पोरीचा पदर डोळ्यांसमोरून हलेना. "माझ्या गाडीची जाळी मीच काढली व्हती, म्हणून," ते म्हणाले. "हिच्या पदराचा काय बी दोष नव्हता. दवाखान्यातनं येऊन चोरागत परत बसवली म्या. अकरा वर्षं खोटं बोललो."

स्वप्नालीनं पदर कमरेला घट्ट खोचला. तात्या बायकोच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. आता ती रडेल का शिव्या देईल, त्यांना काहीच उमगेना. सारजाबाईनं चहाचा कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"ठावं हाय मला. जाळी न्हाय, हे मी बसायच्या आधीच बघितलं व्हतं," ती म्हणाली. "पर गाडी लई झोकात दिसत व्हती वो. म्हणून मी बी काय बोलले न्हाय."