ओंडका

माणूस रॉकेटमधून आभाळात जाऊन आल्याचं मास्तरांनी सांगितल्यापासून जमनीला दुसरा खेळ नव्हता. अंगणात दीड वर्षापासून नुसती उभी असलेली बैलबंडी हेच तिचं रॉकेट.

"थांब!" ती रॉकेटवर ओरडली. "थांबलं पाहा, आबा."

"भरली बंडी अशी थांबत नाही," तिचा आजा रामधन बाजेवरूनच म्हणाला. "उतारावर मांगून वजन ढकलत राह्यते. बैलाच्यानंबी रोकवत नाही."

"मंग?"

"मांगं ओंडका बांधा लागते. तो घासत येते, तं बंडी सांभाळते."

जमनीनं सरपणातला ओंडका ओढत आणून बंडीला बांधला. रामधन कसाबसा उठला. तिची सैल गाठ सोडून त्यानं स्वतः पक्की मारली.

तिचा बाप या बंडीवरून शेवटचा घाट उतरला, त्या दिवशी "ओंडका राहू दे, उशीर होऊन राह्यला" असं रामधननंच लेकाला म्हटलं होतं.