अप्पांचा तंजावर-प्रयोग

वहीत बेचाळीस नोंदी होत्या. एकवीस चेन्नईतल्या वेलचेरीच्या, एकवीस तंजावरच्या. दिवसाला तीन, डाव्या दंडावर, आधी पाच मिनिटं गप्प बसवून. वेलचेरीतला सरासरी रक्तदाब १४६/९२. तंजावरचा १५८/९८.

"मिशिन बिघडलंय," भीमसेनराव म्हणाले.

"थोरल्या काकांना १२२ दाखवतंय, अप्पा."

"मग त्याचा दंड बिघडलाय."

त्यांच्या मुलीनं, श्रीनिधीनं, वही मिटली. तिनं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. सिरुसेरीच्या आयटी पार्कात तिच्या आकड्यांवर कंपनी चालायची, घरात कुणी विचारत नव्हतं. चेन्नई माणसांसाठी नाही, हे अप्पा एकतीस वर्षं रोज सांगत आले होते. आता डॉक्टरांनीही शांत जागी राहा म्हटल्यावर त्यांनी वेलचेरीचा फ्लॅट विकायला काढला. सोमवारी करार होता. त्याआधी आठवडाभर तंजावरला भावाकडे राहून बघा, दाब उतरला तरच सही करा, अशी अट श्रीनिधीनं घातली होती आणि अप्पांनी ती मान्यही केली होती.

"सही करणार," ते आता म्हणाले. "आपलं मूळ गाव हे. आकडे गेले खड्ड्यात."

दाब का चढला हे श्रीनिधीला कळत नव्हतं. कॉफी तीच होती, मीठ कमी होतं, झोप जास्त होती. गावात अप्पांना कुणी दुखावलं नव्हतं. रिक्षावाले थांबून वाट देत होते. बुधवारी वीजबिलाची तक्रार घेऊन ते काकांच्या वतीनं कचेरीत गेले. रात्रभर घोकलेलं भाषण तयार होतं. तिथल्या माणसानं उठून खुर्ची दिली आणि चार मिनिटांत काम केलं. अप्पा बाहेर आले ते पाकीट मारलं गेल्यासारखा चेहरा करून. त्या रात्रीची नोंद १६८/१०२.

"हवा मानवत नसेल," काका म्हणाले होते.

"हवेचं काय चुकलं?" श्रीनिधीची आई अंबुजाअम्मा म्हणाल्या होत्या. "भांडायला माणूस मिळेना, की ते माझ्याकडं बघतात."

रविवारी संध्याकाळी परतताना चेन्नईच्या वेशीवर पेरुंगलत्तूरला गाडी अडकली. सुट्टीवरून परतणारं अर्धं तामिळनाडू पुढे उभं होतं. चाळीस मिनिटांत गाडी तीनशे मीटर सरकली. श्रीनिधीनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात डावीकडून एक बाइक घुसली आणि आरसा मुडपून पुढे थांबली.

अप्पांनी काच खाली केली आणि खांद्यापर्यंत बाहेर निघाले.

"वीट्टुल सोल्लिट्टु वंदियाडा?" मरायला निघालायस हे घरी सांगून आलायस का रे?

बाइकवाल्यानं वळून बघितलं. "पेरुसु, म्हातारबा, आरशात बघण्यासारखं आता काय उरलंय तुमच्यात?"

पुढची सहा मिनिटं अप्पा बोलत होते. तमिळमध्ये सुरू झाले, मध्ये मराठीत शिरले, पुन्हा तमिळमध्ये निघाले. त्यात बाइकवाल्याचं लायसन्स होतं, ते देणारा होता, त्याला बाइक शिकवणारा गुरू होता आणि हा रस्ता खणून ठेवणाऱ्याचं सगळं खानदान होतं. शेजारच्या लॉरीवाल्यानं नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं. बाइकवाला उत्तरं देत होता, तीही वाईट नव्हती. शेवटी तोच हसला, आरसा सरळ करून दिला आणि हात जोडून निघून गेला.

अप्पा आत आले.

"माणसं आहेत का ही?" ते म्हणाले. "अंबुजा, खायला मुरुक्कू आहे का गं?"

श्रीनिधीनं मागच्या सीटवरून पिशवी ओढली आणि दाब मोजायचा पट्टा बाहेर काढला.

"आत्ता? पाच मिनिटं गप्प कुठं बसलोय मी?"

"नियमाबाहेरची नोंद," ती म्हणाली. "हात द्या."

१२१/७९.