राजाचे रबरी बूट

"आमचे थ्रेशियन पूर्वज जन्माला रडत आणि मरणाला नाचत," टेकाडापुढे उभं राहून सरपंच पेयू गरजला. "या टेकाडाच्या पोटात चोवीसशे वर्षं एक राजा निजलाय. आज तो जगाला दर्शन देणार."

दर्शन झालं. राजाच्या पायांत रबरी बूट होते.

राजधानी सोफियाहून आलेल्या उत्खननवाल्या बाई वाकून थडग्याबाहेर आल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या की राजाला केव्हाच लुटून नेलंय. आत आहे तो चोर, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. अकॉर्डियनवाल्याला हे कुणी सांगितलं नाही. त्यानं ठरल्याप्रमाणे नाचाची धून धरली.

ताडपत्रीवर ठेवलेला बूट दोंकानं पाहिला. टाचेला सायकलच्या ट्यूबचं लाल ठिगळ. तिनंच चिकटवलेलं. "बूट फाटेल, पण हे निघायचं नाही," मिंचो म्हणाला होता. नवऱ्याचं तेवढं एक बोलणं खरं ठरलं.

मिंचो सव्वीस वर्षांपूर्वी ग्रीसला पळाला, हे गावात पोराटोरांनाही पाठ होतं. थेस्सालोनिकीच्या बसमध्ये चढताना पेयूनं त्याला स्वतः पाहिलं होतं. शेजारी एक बाई होती, हे त्याला मागाहून आठवलं. तिचे केस सोनेरी होते, हे त्याच्याही मागाहून. गावात विधवेच्या दारावर नवऱ्याचा फोटो आणि मृत्यूची तारीख छापलेला कागद दरवर्षी नवा चिकटतो. दोंकाचं दार तेवढं कोरं. त्यावरून शेजारणींचे टोमणे ठरलेले: ग्रीकीण बरी पोसतेय ना गं त्याला?

पेयू तिच्या लग्नात मेणबत्ती धरून उभा राहिलेला, म्हणजे जन्माचा कूम, बापाच्या मानाचा. दर हिवाळ्यात तो तिच्या अंगणात सरपणाची गाडी रिती करायचा आणि ती दर हिवाळ्यात त्याला दुवा द्यायची. टेकाड पूर्वेकडूनच खणा, असा यंदा त्यानं फार आग्रह धरला होता. बाईंनी ऐकलं नाही.

"आत खोरी दोन आहेत, माणूस एकच," बाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. "छत कोसळलंय, पण हाडं त्याच्याखाली नाहीत. चोरांनी पश्चिमेकडून भुयार खणलंय, पार त्याच्या तोंडापाशी आहेत. तोंड बाहेरून दगड रचून बंद केलंय. काम नीट आहे हं. गवंड्याच्या हातचं."

सरपंच होण्यापूर्वी पेयू गवंडी होता. गावानं एकदम आपापल्या पायांकडे पाहिलं. अकॉर्डियन कधी थांबलं, कळलं नाही.

"दोंका," पेयूचा आवाज चिरकला, "त्या बसमध्ये अंधार होता गं. नीट दिसलं नसेल मला."

"दुपारची बस होती, कूम. तुम्हीच सांगितलंत."

ती ताडपत्रीपाशी बसली, एप्रनच्या खिशातला रुमाल काढून बुटावरची माती पुसली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मिंचोचा कागद काढायचाय," ती म्हणाली. "छापायचं यंत्र तुमच्याच कचेरीत आहे. फोटो मी देते. तारीख तेवढी तुम्ही घाला."