बेबेने सांभाळलेलं पाणी

"बाजूला हो, बेबे." नछत्तरच्या हातात काडेपेटी होती.

म्हातारी आई बांधावरून हलेना. समोर भाताची धसकटं आणि पेंढा, कापणीच्या दिवशी होता तसाच, पिवळाधमक. इतरांचा गहू उगवून वर आला होता. नछत्तरचं शेत मात्र अजून मोकळं व्हायचं होतं.

पलीकडच्या शेतातून शेजारी जगसीर ओरडला, "ओ सरदारा, गुळाच्या पाण्यानं शेत गोड होतं रे, पेंढा कुजत नाही! लाव काडी!"

गेल्या वर्षी सगळ्यांनी शेतं पेटवली, तेव्हा धुराने नछत्तरची लेक अनमीत निळी पडली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली होती, पुन्हा पेंढा जाळणार नाही. म्हणून तर त्याने पेंढा कुजवणारी बुरशी आणली. गूळ-बेसनाच्या पाण्यात ती कालवली, पातेलं चुलीशेजारी ठेवलं आणि भात विकायला तो धान्याच्या मंडीत गेला. जाताना घाईत एवढंच म्हणाला, "बेबे, हे औषध सांभाळ." आठवड्याने परतला तेव्हा पाणी नितळ होतं. त्याला वाटलं, औषध छान मुरलं. त्याने ते शेतभर फवारलं आणि वाट पाहत बसला. एक काडीसुद्धा कुजली नाही.

"पोरीला आत घेऊन जा," तो म्हणाला. बेबे रडत घराकडे वळली. त्याने काडी ओढली. आपल्यासारखा बाप कुणाला मिळू नये, असं त्याला वाटलं.

वारा फिरला आणि धूर घरावर आला. अनमीतचा श्वास घरघरू लागला. खिडकीला ओली पोती लावायची म्हणून तो गोठ्यामागे धावला, तर पाय घोट्यापर्यंत रुतला. म्हशींखालचा जुना पेंढा तिथे पडलेला असायचा. आता तो कुजून त्याची काळीभोर, भुसभुशीत माती झाली होती.

"बेबे!" त्याचा आवाज फाटला. "इथं काय टाकलंस?"

नातीची पाठ चोळता चोळता बेबेने आतूनच सांगितलं, "तुझ्या औषधावर रोज मेली पांढरी बुरशी धरायची. ती काढून तिथंच फेकायचे, आणि पाणी नासू नये म्हणून परत उकळून ठेवायचे. तूच सांगून गेला होतास ना, बाळा, सांभाळ म्हणून?"