गाठ पोटात

सकाळी आईला गॅलरीतल्या उन्हात बसवून थोरलीने पलंगावरची गोधडी झटकायला घेतली आणि तिचं डोकंच फिरलं. टाके वाकडे, तुकड्यांचे कोपरे एकमेकांशी अबोला धरल्यासारखे, आणि एका काठाला दोऱ्याच्या गाठी चक्क वर. हरभऱ्याएवढ्या, ओळीने.

"शिवताना डोळे मिटून घेतले होतेस का गं?"

धाकटी दारात चपला घालत होती. "आई पांघरते ना? मग झालं."

"गाठ पोटात जायला हवी. वर राहिली की शिवण कच्ची. इतकी वर्षं बायकांना मी शिकवते काय?"

"हेच शिकवतेस. पण ताई, त्या गाठींना हात लावू नकोस हं. त्या मुद्दाम..."

"मुद्दाम म्हणे. आळसाला नवं नाव सापडलं."

खाली रिक्षावाला भोंगा दाबूनच बसला होता. धाकटी कपाळाला हात लावत जिना उतरली.

थोरलीची स्वतःची गोधडी कपाटात घडी करून पडली होती. पट्टी लावून मारल्यासारखे टाके, चारी काठ एकसारखे. उलट कुठली, सुलट कुठली ते ओळखून दाखवा, असं ती शिकायला येणाऱ्या बायकांना पैजेवर सांगायची. आईने ती एकदाच पांघरली आणि 'छान आहे हो' म्हणून परत दिली. त्या 'हो'चा हिशेब थोरलीच्या मनात अजून मिटला नव्हता. डोळे गेलेल्या माणसाला वाकडं काय नि सरळ काय, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण मग आई धाकटीचीच का मागते, हे कोडं काही तिला सुटायचं नाही.

तिने कात्री घेतली. गाठी कापल्या, काठ उसवला, नव्याने शिवला. पाठ भरून आली, पण शेवटची गाठ अस्तरात गडप झाली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. आता गोधडी माणसात आली.

दुपारी आईला निजवून तिने ती अंगावर घातली. आईचा हात काठावरून फिरू लागला. वरून खाली, आडवा, परत वर. मग तिने गोधडी फिरवून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपली.

"ही नको गं. ही तुझी आहे. धाकटीची दे."

"धाकटीचीच आहे, आई."

"मला काय बनवतेस? तिच्या गाठी हाताला लागतात. तो काठ तोंडाकडे घ्यायचा. तुझ्या गोधडीत पायाकडची बाजू कधी तोंडावर येईल, नेम नाही."

थोरलीने सुईत दोरा ओवला, टोकाला गाठ मारली, काठात वरून टाका घातला. गाठ वर ठेवायची होती. हाताने सवयीने हलका झटका दिला आणि ती पोटात गेली. तिने दोरा तोडला, दुसरी गाठ मारली. तीही गेली.

आई काठ बोटांत धरून होती.

"लागेना गं अजून."