बोट

"पाण्यात कोण पडणार?" प्रशिक्षकांनी विचारलं.

होडीतली मुलं एकमेकांना ढकलून हसायला लागली. पाणी बर्फासारखं होतं.

"मी पडते," मागे बसलेली मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वर्ष अर्ध्यावर असताना कॉलेज बदलून आलेली ही मुलगी. नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, हाक मारायची वेळ आलीच, तर "ए नवी!" किनाऱ्यावरच्या तंबूंसाठी मुलींच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. तिच्या तंबूत ती आणि सगळ्यांच्या जादा पिशव्या.

"शाब्बास," प्रशिक्षक म्हणाले. "आता ऐका. माणूस पडलं म्हणून शिडाची होडी जागेवर थांबत नाही, वळून यावं लागतं. तोवर एकाने हिच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. दुसरं काही करायचं नाही. लाटांत डोकं चेंडूएवढं दिसतं. नजर हलली की माणूस हरवलं. डोळ्यांत तेल घालून बघायचं."

हे काम लंबूकडे आलं. वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बडबड्या.

तिने लाइफ जॅकेट आवळलं आणि उडी टाकली. श्वासच अडकला. डोळे पुसून पाहिलं, तर होडी केव्हाच लांब गेली होती. मग लाट मधे आली. सगळीकडे पाणीच पाणी. हे असेच निघून गेले तर? संध्याकाळी कुणी पिशवी घ्यायला तंबूत डोकावेल, तेव्हा कळेल.

लाटेने तिला वर उचललं. होडी दिसली. एका हाताने डोलकाठी धरून लंबू उभा होता; दुसरा हात सरळ तिच्याकडे. होडी वळली तसा तोही वळला. कुणीतरी त्याच्या मानेवर पाणी उडवलं. तो हललासुद्धा नाही.

पहिला प्रयत्न फसला. होडी थोडक्यासाठी बाजूने निघून गेली.

"घाबरू नकोस गं, आलोच!" प्रशिक्षक ओरडले.

ती त्या बोटाकडे बघत होती.

"सावकाश या," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला गाठलं. दंडांना धरून वर ओढलं, अंगावर टॉवेल फेकला. सुकाणू धरणाऱ्या मुलीसाठी टाळ्या झाल्या.

"मी दिसत होते सारखी?" तिने लंबूला विचारलं. दात वाजत होते.

"मधे एकदा दिसेनाशी झालीस. जीवच उडाला माझा," लंबू खांदा चोळत म्हणाला. मग पलीकडे वळून कालच्या मॅचबद्दल बोलायला लागला.

"चला, आता दुसरं कुणीतरी," प्रशिक्षक म्हणाले.

तिने टॉवेल काढून ठेवला.

"मीच जाते सर," ती म्हणाली. "मी भिजलेलीच आहे."