उजवी कूस, डावी कूस

पोह्यातल्या मिरचीचा ठसका लागला आणि मुलाची आई योगिताताई धावत बेसिनकडे गेल्या. खोकून झाल्यावर बेसिन नेहमीच्या शांत आवाजात बोललं, "थुंकीत रक्त आहे. उजव्या फुप्फुसातून येतंय. उजव्या कुशीवर झोपा. नर्स वाफेचं औषध घेऊन निघाली आहे."

मुलगी बघायला आलेली सगळी मंडळी उठून उभी राहिली. मुलीच्या आईने, केतकीने, सतरंजी अंथरली आणि योगिताताईंना हाताला धरून झोपवलं.

"वाफ घेतली की तासाभरात जखम बुजते, ताई. तुमच्या घरच्या बेसिनला कसं कळलं नाही?"

"घरी मी परसात जाऊन थुंकायचे," योगिताताई पुटपुटल्या. "छातीचं दुखणं कळलं तर आमच्या घरात मुलगी कोण देणार? म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू."

गेला महिनाभर केतकीही गच्चीवर जाऊन थुंकत होती. ती उठली, सगळ्यांसमोर बेसिनवर वाकली आणि मोकळेपणाने खोकली.

"डाव्या कुशीवर झोपा," बेसिन म्हणालं.

योगिताताईंनी सरकून सतरंजीवर जागा केली. दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"नर्स येईपर्यंत," योगिताताई हळूच म्हणाल्या, "तारखेचं बोलून घेऊ."